हिरवं कुलूप

“ते चमकीचं लेबल यायचीच पोट्टी बनवते. मंग बोगस बियाणं विकाले यायले काय अडचण?”

हे वाक्य सोनाळ्यात आमच्या कृषी केंद्राच्या पायरीवर, भरदुपारी, अब्बांच्या तोंडावर बोललं गेलं. बोलणारे कोणी परके नव्हते, धुऱ्यावरचे काका होते. त्यांच्या आणि आमच्या वावराच्या मधला धुरा, म्हणजे बांध, एकच, म्हणून लहानपणापासून मी त्यांना धुऱ्यावरचे काका म्हणत आले. ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा त्यांच्या घरी जायचा आणि पोळ्याला त्यांच्याकडून पुरणपोळ्या यायच्या. त्यांच्या हातात सरकीच्या बियाण्याचं पाकीट होतं आणि मागं गावातली बरीच माणसं उभी होती. ‘यायची पोट्टी’ म्हणजे यांची पोरगी, मी. आत खताच्या पोत्यांआड उभी राहून ऐकत होते. राग इतका आला की कानशिलं तापली. तरी बाहेर गेले नाही, कारण त्या रागाखाली दुसरंही काही होतं. मलाही शंका होती, आणि ती काकांवर नव्हती, अब्बांवर होती.

मी जन्माची संशयी. अम्मी म्हणायची, लोक दुधात पाणी आहे का ते बघतात, ही पोरगी पाण्यात दूध मिसळलंय का ते बघते. हा गुण मी अब्बांकडून घेतला. अब्बा रोज संध्याकाळी दुकानाचं शटर ओढायचे, कुलूप लावायचे आणि मग ते कुलूप धरून दोनदा जोरात हिसडा द्यायचे. स्वतः लावलं असलं तरी. दुसऱ्या कोणी लावलं असलं तर मग विचारूच नका, रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेले परत यायचे. गावात याची चेष्टा व्हायची. अब्बा म्हणायचे, कुलपावर विश्वास असता तर कुलूप लावलंच कशाला असतं.

घरात आम्ही हिंदी-उर्दू मिसळून बोलतो. इथं मी ते मराठीतच लिहिते, कारण हे सगळं मला मराठीतच आठवतं.

फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागले. काम होलोग्रामचं. फोटोत वस्तूवरून आलेल्या प्रकाशाचा फक्त कमीजास्तपणा उतरतो. होलोग्राममध्ये तो प्रकाश कुठून, कसा आला तेही उतरतं, म्हणून बघणाऱ्याला वस्तू काचेच्या आत खरोखर ठेवल्यासारखी दिसते. मान हलवली की तिची बाजू दिसते. आम्ही काचेवर एक पातळ थर द्यायचो. तो प्रकाशाला जागा होणारा पॉलिमर. लेसरचा प्रकाश एका बाजूनं थरावर येतो, थरातून पार होऊन वस्तूवर पडतो आणि वस्तूवरून परत थरात येतो. जाणारा आणि येणारा प्रकाश एकमेकांत मिसळून डोळ्यांना न दिसणारे बारीक पट्टे तयार होतात, एक उजेडाचा, एक अंधाराचा. थरातले सुटे रेणू उजेडाच्या पट्ट्याकडे सरकतात आणि तिथं एकमेकांना धरून बसतात. पट्टे कायमचे गोठतात. त्या पट्ट्यांमधलं अंतर किती, त्यावर चित्राचा रंग ठरतो. आमचा लेसर हिरवा, म्हणून आमची चित्रं हिरवी.

यात एकच अट कडक. चित्र उतरत असताना काही हलायचं नाही. बोलायचं नाही, चालायचं नाही, खोलीतला पंखासुद्धा बंद. मी हौसेनं घरून पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, फुटलेलं बोंड नेलं होतं, वाटलं, बोंडाचा होलोग्राम करून अब्बांना द्यावा. पुन्हा पुन्हा केला, काच दर वेळी कोरी निघाली. कापसाचा धागा नुसत्या हवेनं हलतो, आपल्याला दिसतही नाही इतका, आणि जे हलतं ते त्या थरात उमटतच नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या, एखादी मठ्ठ वस्तू आण. मग मी अब्बांचं जुनं पितळी कुलूप आणलं. दुकानाला नवीन शटर बसल्यावर ते रिकामं पडून होतं. पहिल्याच खेपेला ते असं उतरलं की त्याच्यावरचे ओरखडेसुद्धा मोजावे.

ईदला ती काच मी अब्बांना दिली. त्यांनी ती गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगली आणि समोर एक बल्ब लावला. बल्ब लावला की काचेच्या आत हिरवंगार कुलूप लटकायचं. गिऱ्हाईक बियाणं बाजूला ठेवून आधी त्याला बोट लावायला जायचं आणि बोट काचेवर आपटायचं. सगळ्यात जास्त जीव जडला धुऱ्यावरच्या काकांचा. दर खेपेला काचेत डोकावायचे आणि मला विचारायचे, “याची चाबी कुठी ठेवली व बाई?” मी म्हणायचे, “पुण्याले राह्यली काका.” मग आम्ही दोघं हसायचो. तेच काका पायरीवर उभं राहून मला बोगस लेबलवाली म्हणत होते.

त्यांनाही कारण होतं, ते सांगितलं नाही तर मी खोटी ठरीन. बीटी, म्हणजे अळीला दाद न देणारी सरकी, आली तेव्हा पहिली काही वर्षं बोंडअळी गेल्यासारखी झाली आणि सगळ्या शिवारात तेच बियाणं गेलं. मागणी वाढली तशी चोरवाटेनं येणारी पाकिटं वाढली. वरून डिट्टो तशीच, आत काय ते देवाला माहीत. आदल्या हंगामात काकांनी बाहेरून कुठून तरी स्वस्तातलं बियाणं आणलं, ते बोगस निघालं. पऱ्हाटी कमरेएवढी झाली, बोंडं लागली आणि अळीनं पोखरली. काकांना जोडीतला एक बैल विकावा लागला. उरलेल्या एका बैलाकडे बघत ते ओट्यावर बसायचे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि काकांचं तर चांगलंच पोळलं होतं. यंदा पुन्हा तसं झालं असतं तर शेती दुसऱ्याला ठोक्यानं देऊन मजुरीला जावं लागलं असतं. हे ते स्वतःच म्हणाले होते.

म्हणून यंदा ते आमच्याकडे आले. “भाई, तुह्यावर इस्वास हाय,” म्हणाले आणि हंगामाच्या कितीतरी आधी, मे महिन्यातच, पाकिटं घेऊन गेले.

त्या वर्षी पाकिटावर नवीन लेबल होतं. आधीचं चांदीसारखं, सात रंग मारणारं, त्याची नक्कल कोणीही करायचं. नवीन लेबल आमच्या प्रयोगशाळेतल्यासारखंच पॉलिमरचं होतं. आत खोलवर एक हिरवं बोंड, पाकीट तिरकं केलं की त्याची दुसरी बाजू दिसे. बोंड कंपनीनं मातीचं घडवलं असावं, खऱ्या कापसाचं उतरलं नसतं. कंपनीचा माणूस पोस्टर घेऊन आला आणि दुकानात चार लोकांसमोर सांगून गेला, “हिरवं दिसलं तर अस्सल. दुसरा कुठलाही रंग दिसला तर घ्यायचं नाही.” पोस्टर त्यानंच भिंतीवर चिकटवलं. मी सुट्टीला घरी आले होते. लेबल बघून आनंद झाला आणि मी सगळ्यांसमोर म्हणून बसले, “अब्बा, हे तर आम्ही करतो तसंच आहे.” काका तिथंच उभे होते.

आता माझी शंका. मी आल्यानंतरच्याच आठवड्यात एक माणूस दुकानात आला. पांढरी जीप, मध्य प्रदेशची पाटी. सातपुडा आमच्या डोक्यावरच, पलीकडून माणसं येतात-जातात, त्यात नवल नाही. पण हा माणूस बसला आणि अब्बांनी मला चहा सांगून आत पाठवलं. चहा घेऊन आले तर दोघं हळू बोलत होते आणि टेबलावर एक बियाण्याचं पाकीट होतं. मला बघून त्या माणसानं ते खिशात घातलं. मी काही विचारलं नाही. मनात मात्र पडलं ते पडलंच. नंतर मी अब्बांकडे बघायचे तेव्हा तो खिसा आठवायचा. आपल्याच बापाविषयी असं वाटणं फार वाईट असतं. जेवण गोड लागत नाही.

अशात काका आले, पेरणी तोंडावर असताना. घरातून पाकिटं काढली तर लेबलातलं बोंड हिरवं नव्हतं, लाल होतं. विटकरी लाल. भिंतीवर पोस्टर होतंच. मागोमाग आणखी काही घरांतून पाकिटं आली. काही लाल, काही पिवळट, काही हिरवीच. एक जण म्हणाला, कुठं तरी पाणी मुरून राह्यलं. दुसरा म्हणाला, भाईचा माल खरा असन तं एकाच दुकानातून तीन रंग कसे निंगतात? आणि मग काकांना माझं ‘आम्ही करतो तसंच’ हे वाक्य आठवलं.

अब्बा पायरीवर येऊन एवढंच म्हणाले, “भाऊ, माल कंपनीचा आहे. पावती माझी आहे. मी पळून जाणार नाही.”

“पळून जाशीन कायले? पोट्टी उद्या हिरवे लावून देईन.”

ठरलं असं की परवाच्या दिवशी सगळे मिळून तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे जाणार. तक्रार झाली असती तर ऐन हंगामात दुकानाला टाळं लागलं असतं. पुढं तपासणीत काही निघो न निघो, लोकांच्या डोक्यातून ते गेलं नसतं. अब्बांनी हे दुकान शून्यातून उभं केलं होतं. एका मुसलमानाच्या दुकानात सगळ्या जातींची माणसं डोळे मिटून बियाणं घेतात, याचा त्यांना अभिमान होता. ते बोलून दाखवत नसत, पण होता. लोक गेल्यावर ते गल्ल्यावर बसले आणि पाणी मागितलं. मी दिलं.

मग आम्ही दोघांनी गोदाम उघडलं. टिनाचं छत, आत भट्टी. एकेक खोका उघडून एकेक पाकीट उजेडात धरलं. सगळी हिरवी. मी मनातून सुटले, ते सांगते. त्या पाकिटांच्या आड काही दुसरं निघेल अशी भीती मला होती. शेवटचा खोका बंद करताना अब्बांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“आपल्याकडची सगळी चांगली आहेत,” ते म्हणाले. “म्हणजे इथून गेल्यावर काही तरी झालं.”

“हो.”

“बेटा, तू मध्ये काकांच्या घरी गेली होतीस. पाकिटं हातात घेतली होतीस म्हणे.”

“घेतली होती. लेबल बघायला.”

“तू काही केलं तर नाहीस ना? म्हणजे, वाईट मनानं नाही. बघायचं म्हणून. तुझा काही प्रयोग.”

मला वाटलं, कोणी तरी थोबाडीत मारली. गाव म्हणालं ते एक वेळ ठीक. अब्बासुद्धा? मी म्हणाले, “तुम्हाला असं वाटतं?” ते म्हणाले, “वाटत नाही. पण मनात आलं, म्हणून विचारलं. मनात ठेवून तुझ्यासमोर जेवायला बसता आलं नसतं.” मी खोका आपटला आणि बाहेर आले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

ओट्यावर बसून मी मनातल्या मनात भांडत होते. काय केलं मी? काकांच्या घरी गेले. काकूंनी आतल्या खोलीत बसवलं, कारण तिथं कूलर. कूलरसमोर स्टूल, स्टुलावर पाकिटांची चळत. काकू कुरकुरत होत्या, “पाय बरं बाई, माणसं अंगणात उकडून राह्यले अन सरकी कूलरमंधी झोपते.” काकांनी नवीन वाळा भरला होता, टाकीत सारखं पाणी घालत होते, बियाण्याला ऊन लागू नये म्हणून. मी एक पाकीट उचललं. हाताला गार लागलं. गार आणि ओलसर. माझ्या चेहऱ्यावर कूलरचे बारीक तुषार येत होते.

आणि मला पुण्यातला पावसाळा आठवला. आमच्या काचा पावसाळ्यात लाल पडायच्या. हवेतली ओल थरात शिरते, थर फुगतो, आतले पट्टे एकमेकांपासून लांब होतात. साडीच्या निऱ्या बारीक होत्या त्या रुंद पडाव्यात तसं. पट्टे रुंदावले की हिरवं पिवळं होतं, मग नारिंगी, मग लाल. सुकलं की परत हिरवं. मॅडम ओरडायच्या, काचा कोरड्या डब्यात ठेवा म्हणून.

पाकिटावर छापलेलं होतं, ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’. अब्बा प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचे. आता मे महिन्यात आमच्याकडे थंड आणि कोरडी अशी जागा दाखवा. थंड म्हणजे कूलर, थंड म्हणजे रांजणाची बाजू, थंड म्हणजे ओलं पोतं. आमच्याकडे थंड म्हणजे ओलंच. छापणारा कुठल्या एसीत बसून छापत होता कोण जाणे. ज्यानं जितकी काळजी घेतली, त्याचं बोंड तितकं लाल झालं. काकांनी सगळ्यात जास्त घेतली होती.

मी उठून अब्बांना सांगितलं. त्यांना एका दमात पटलं. पण ते म्हणाले, “तू सांगितलेलं कोणाला पटणार नाही. तू लेबल सुकवून हिरवं करून दाखवलंस तर म्हणतील, बघा, हिला येतं.” खरंच होतं. मला जितकं कळत होतं, तितकी मी जास्त संशयित ठरत होते. मला त्या पाकिटांना हात लावण्याची सोय नव्हती.

ते बराच वेळ गल्ल्यावर बोटं आपटत बसले. मग मान वर करून खिळ्याकडे बघितलं. “हे कुलूप,” म्हणाले. “हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. यालाही ओल लागते?”

लागते. पाकिटाच्या लेबलावर प्लॅस्टिकचा पापुद्रा होता, म्हणून ओल शिरायला दिवस लागले आणि निघायलाही लागले असते. माझ्या काचेचा थर मागून उघडा होता. दुकान तापलेलं, कोरडं, म्हणून तिथं तो हिरवा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा काकांच्या दारात गेले. मी मागं. लोक जमलेच. अब्बांनी काच काकांच्या हातात दिली आणि म्हणाले, “भाऊ, हे घ्या. तुमच्याच हातानं तुमच्या कूलरसमोर ठेवा. खोलीला कडी घाला. माझी पोरगी अंगणातून हलणार नाही.”

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. काच उन्हात धरली, हिरवं कुलूप सगळ्यांना दाखवलं, आत नेली, कडी घातली आणि दारासमोर खाट टाकून बसले. कूलरची घरघर बाहेर ऐकू येत होती. मला भीती वाटत होती की वीज जाईल. मला अशीही भीती वाटत होती की माझंच चुकलं असेल आणि कुलूप हिरवंच बाहेर येईल, आणि मग त्या खिशातल्या पाकिटाचा विचार मला टाळता येणार नाही.

काकूंनी चहा केला, सगळ्यांचा पिऊन झाला, तेव्हा काकांनी कडी काढली. काच उन्हात आणली. कुलूप लाल होतं. डाळिंबाच्या दाण्याएवढं लाल. तेच ओरखडे, तीच कडी.

काका काच हातात धरून तसेच उभे राहिले. ऊन कडक. बघता बघता लाल नारिंगी झालं, नारिंगी पिवळं झालं, आणि लोक पुढं सरकून बघत असताना पिवळ्याचं हिरवं झालं. मागून कोणी तरी म्हणालं, “अबे, हे तं फिरलं.” मी हुश्श केलं. तेवढ्यात काकांची मान पुन्हा वाकडी झाली.

“कूलरमंधी दुसरंबी काही असू शकते,” ते म्हणाले. “पाण्यानंच रंग फिरला याची खात्री काय?”

मी काही म्हणायच्या आत त्यांनी रांजणातून लोटा भरला आणि काचेवर ओतला.

तो थर पाण्यात विरघळतो. हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, सांगायची वेळच आली नव्हती. पेजेवरची साय सरकावी तसा तो काचेवरून सरकला आणि अंगणातल्या शेणसारवणावर ओघळला. काकांनी काच पुसून उन्हात धरली. तिरकी केली, सरळ केली, फुंकर मारली. काचेतून पलीकडचा गोठा दिसत होता आणि तो एकटा बैल.

“कुठी गेलं?” काकांनी विचारलं.

मला रडू आलं. मी तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडले. आधी बोंडासाठी आणि मग त्या कुलपासाठी मी किती उन्हाळी दिवस अंधाऱ्या खोलीत श्वास धरून बसले होते ते मलाच माहीत. माझं विज्ञान तिथल्या किती जणांना पटलं सांगता येत नाही. रडणं मात्र सगळ्यांना पटलं. काकू पुढं आल्या, मला जवळ घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, “झाली खात्री? आता तरी झाली?”

काका काच घेऊन खाटेवर बसले. मग म्हणाले, “मले काय मालूम व बाई. म्या तं पाणीच टाकलं.” काकूंनी कूलरसमोरची पाकिटं उचलली आणि गव्हाच्या कोठीत पुरली. नवा, वाळलेला गहू ओल शोषतो, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, घरात पापडही तिथंच ठेवत. तालुक्याला कोणी गेलं नाही. पेरणीच्या आधी काकांनी कोठीतून पाकिटं काढली आणि एकेक दुकानात आणून अब्बांसमोर उजेडात धरलं. बोंडं हिरवी होती.

पण त्याच्या आधीची, ती लोट्याच्या दिवसाची संध्याकाळ. दुकान बंद करायची वेळ. अब्बांनी रिकामी काच पुसून परत खिळ्याला टांगली. मी म्हणाले, “आता त्यात काही नाही.” ते म्हणाले, “राहू दे. लोकांना माहीत आहे काय होतं ते.”

मग मला राहवलं नाही. त्यांनी मला विचारलं होतं, तोंडावर. मी म्हणाले, “अब्बा, तो जीपवाला कोण होता?”

त्यांनी बल्ब बंद केला. “बोगस पाकिटं विकणारा. या नवीन लेबलाची नक्कल जमत नव्हती. माझी पोरगी पुण्यात हेच काम करते हे त्याला कोणी तरी सांगितलं होतं. तुझ्याकडून करून घ्यायचं होतं. चहा पाजला, कारण दारात आला होता. आणि परत येऊ नको म्हणालो.”

“मला सांगितलं का नाही?”

“तुला तुझ्या कामाची घाण वाटली असती.” मग म्हणाले, “तू तेव्हा दारात ट्रे घेऊन उभी होतीस. तुझं तोंड मी पाहिलं होतं. रोज वाटायचं, आज विचारशील. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारत नव्हतीस, तेव्हा वाटलं, पोरीनं ठरवूनच टाकलं.”

इतके दिवस मी त्यांच्या ताटाशेजारी बसून त्यांना चोर समजत जेवत होते आणि ते मला जेवू देत होते.

आम्ही बाहेर आलो. त्यांनी शटर खाली ओढलं, कुलूप आणि चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “तू लाव.” मी लावलं. मी वाट बघत होते की ते पुढं होतील आणि दोनदा हिसडा देतील. ते घराकडे चालायला लागले होते. वळणापर्यंत गेले, परत आले नाहीत, मागं वळूनही बघितलं नाही.

मी मात्र कुलूप धरून दोनदा हिसडा दिला आणि मग त्यांच्या मागं गेले.